वेस्टमाउंटची वेस नक्की कुठून कुठपर्यंत?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: नवऱ्याची पुण्याहून मॉन्ट्रियलला बदली होतेय, कामाचा परवाना 3 वर्षांचा आहे, मुलगी 9 वर्षांची, मुलगा 5 वर्षांचा. ऑफिसातल्या एकाने छातीठोकपणे सांगितलं की वेस्टमाउंटमध्ये घर घ्या, ते मॉन्ट्रियलच्या पोटातलं वेगळं इंग्रजी शहर आहे, तिथे फ्रेंचची कटकट नाही. यात खरं किती, आणि घर घ्यावं का?

मी 2001 साली इथे आले आणि आता वीसेक वर्षं घरखरेदीची दलाली करते. (दलाली म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात, इथे परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो आणि चुकलं तर तो जातोही.) ऑफिसातल्या त्या गृहस्थांसारखी माणसं मला दर उन्हाळ्यात भेटतात. त्यांचं म्हणणं खोटं नसतं, पण अर्धवट असतं, आणि भुर्दंड पडतो तो त्या न सांगितलेल्या अर्ध्या भागाचा. वेस्टमाउंट वेगळं शहर आहे, पण काही बाबतींतच. दुभाषी आहे, तेही काही बाबतींतच. त्या बाबी कुठल्या ते कळलं की तुमचा निर्णय आपोआप होईल.

आधी गावाची कल्पना यावी म्हणून. क्षेत्रफळ साधारण 4 चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे 20 हजार, आणि चारी बाजूंनी मॉन्ट्रियल. पूर्वेला ॲटवॉटर अव्हेन्यू. तिथून शेरब्रुक रस्त्याने पश्चिमेला चालत निघालात तर डॉसन कॉलेजची भलीमोठी इमारत, म्हणजे पूर्वीचा ख्रिस्ती जोगिणींचा मठ, मग नगरपालिकेची दगडी इमारत, मग वाचनालय आणि बाग, आणि अर्ध्या तासात क्लेअरमाँट अव्हेन्यूच्या आसपास गाव संपतंसुद्धा. नाका नाही, कमान नाही. रस्त्याच्या नावाच्या पाटीची घडण बदलते, एवढीच खूण. पुण्याच्या माणसाला सांगायचं तर कॅम्पात शिरल्यासारखं: रस्ता तोच, दुकानं तशीच, पण कारभार महापालिकेचा नाही. फरक असा की कॅन्टोन्मेंट बोर्ड संरक्षण खात्याखाली चालतं, आणि वेस्टमाउंटचे लोक आपला महापौर आणि 8 नगरसेवक स्वतः निवडतात. मत द्यायला मात्र कॅनडाचं नागरिकत्व लागतं. तुम्ही कर भराल, मत देणार नाही.

गाव डोंगरउतारावर आहे, आणि इथे श्रीमंती उंचीबरोबर वाढते. खाली रेल्वेरुळांजवळ एकाला एक चिकटलेली विटांची घरं आणि भाड्याच्या इमारती. शेरब्रुकच्या वर कोत-सेंट-आंत्वान रस्ता, मग द बुलेव्हार्ड, आणि सगळ्यात वर समिट सर्कल, तिथले बंगले फाटकाबाहेरून नीट दिसतसुद्धा नाहीत. माथ्यावर मात्र राखलेलं जंगल आहे. मे महिन्यात स्थलांतर करणारे पक्षी उतरतात तेव्हा पहाटे दुर्बिणी घेतलेले लोक तिथे कुजबुजत उभे असतात. तिथे जायला कुणालाच आडकाठी नाही. माझ्या मते वेस्टमाउंटची सगळ्यात चांगली गोष्ट फुकटच आहे, त्यासाठी घर घ्यावं लागत नाही.

आता वेगळेपण. हे गाव 1874 मध्ये नोत्र-दाम-द-ग्रास नावाचं खेडं म्हणून नोंदवलं गेलं, पुढे कोत-सेंट-आंत्वान झालं, 1895 मध्ये वेस्टमाउंट, आणि 1908 मध्ये शहर. फ्रेंच नाव टाकून इंग्रजी नाव घेणारं गाव, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. 2002 च्या 1 जानेवारीला क्वेबेक सरकारने (क्वेबेक म्हणजे मॉन्ट्रियल ज्यात येतं तो फ्रेंच भाषक प्रांत) मॉन्ट्रियल बेटावरच्या सगळ्या 28 नगरपालिका एकत्र करून एकच शहर केलं. वेस्टमाउंट एका रात्रीत मॉन्ट्रियलचा एक विभाग झालं. मी तेव्हा नवखी होते. ज्या बाईकडे शिकाऊ म्हणून काम करत होते ती महिनाभर चिडलेली होती आणि पत्त्यात 'मॉन्ट्रियल' लिहायला तयारच नव्हती. पुढे सरकार बदललं, 2004 च्या 20 जूनला सार्वमत झालं. नुसतं बहुमत पुरेसं नव्हतं, 'वेगळं व्हायचंय' म्हणणारे एकूण मतदारांच्या निदान 35 टक्के असावे लागत. 15 गावांनी ती अट पार केली, त्यात वेस्टमाउंट होतं, आणि 2006 च्या 1 जानेवारीला ती पुन्हा स्वतंत्र झाली.

पण स्वतंत्र झाली ती पूर्वीसारखी नाही, आणि इथेच ऑफिसातल्या माहितीला भोक पडतं. पोलीस, अग्निशमन दल, पाणीपुरवठ्याचं मुख्य जाळं, बस आणि मेट्रो, घरांचं सरकारी मूल्यांकन, हे सगळं आजही बेटाच्या सामाईक कारभारात येतं. त्या सामाईक मंडळावर वेस्टमाउंटचे महापौर बसतात, पण मतं लोकसंख्येच्या वजनाने मोजली जातात, त्यामुळे मॉन्ट्रियलचंच पारडं कायम जड. वेस्टमाउंट गोळा करतं त्या कराचा जवळपास निम्मा हिस्सा या सामाईक खात्यात जातो. घराच्या कराचं बिल येतं वेस्टमाउंटच्या नावाने, त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की एवढा कर घेऊन हे गाव करतं तरी काय. घरात चोर शिरला तर येणारा पोलीस मॉन्ट्रियलचाच. वेस्टमाउंटचे स्वतःचे सुरक्षा कर्मचारी गस्त घालतात, पार्किंगची पावती फाडतात, बागेत मोकाट सोडलेल्या कुत्र्याबद्दल बोलतात. पण ते पोलीस नव्हेत.

मग गावाच्या हातात काय उरतं? रोज पायाखाली येतं ते. बर्फ काढणं, कचरा, बागा, झाडं, पार्किंगचे परवाने, बांधकामाचे परवाने. आणि वीज! क्वेबेकमध्ये वीज म्हणजे हायड्रो-क्वेबेक ही सरकारी कंपनी, पण वेस्टमाउंटची स्वतःची नगरपालिकेची वीज आहे, हायड्रो वेस्टमाउंट. क्वेबेकमध्ये 1960 च्या दशकात विजेच्या खाजगी कंपन्यांचं सरकारीकरण झालं, तेव्हा ज्या मोजक्या नगरपालिकांनी आपली यंत्रणा राखली त्यातली ही एक. बिल फार स्वस्त येत नाही, पण घर बदलल्यावर लोक हायड्रो-क्वेबेककडे अर्ज करून बसतात आणि मग दोन आठवडे फोनाफोनी. हा घोळ मी इतक्यांदा पाहिलाय की किल्ली देतानाच आता नंबर लिहून देते.

वाचनालयाबद्दल लिहिताना हात आखडत नाही. 1899 पासून चालू आहे, क्वेबेकमधलं लोकांच्या करातून चाललेलं पहिलं सार्वजनिक वाचनालय. बाहेरून लाल विटा, आत उंच छत आणि लाकूड, आणि पुस्तकांच्या दालनातून सरळ काचेच्या उष्णगृहात जाता येतं. ते 1927 चं. जानेवारीत बाहेर उणे 20 असताना तिथे ओल्या मातीचा वास येतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या सासूबाई, साताऱ्याच्या, पहिल्या हिवाळ्यात रोज दुपारी तिथल्या बाकावर जाऊन बसायच्या. म्हणायच्या, इथं आलं की कुंड्यांना पाणी घातल्यासारखं वाटतं. रहिवाशाला वाचनालय मोफत, बाहेरच्याला वर्गणी भरून.

आता भाषा, म्हणजे तुमचा खरा प्रश्न.

क्वेबेकमध्ये 1977 पासून फ्रेंच भाषेची सनद आहे, लोक अजून तिला 'विधेयक 101' म्हणतात. तिच्या एका कलमाखाली काही नगरपालिकांना दुभाषी दर्जा मिळतो, आणि वेस्टमाउंटला तो आहे. त्याचा अर्थ एवढाच की नगरपालिका तुमच्याशी इंग्रजीत पत्रव्यवहार करू शकते, सूचना दोन्ही भाषांत लावू शकते, सभेत दोन्ही भाषा चालतात. 2022 च्या विधेयक 96 ने हा दर्जाही पूर्वीइतका पक्का ठेवला नाही: जिथे इंग्रजी मातृभाषा असलेले निम्म्याहून कमी आहेत, तिथे नगरपालिकेने ठराविक मुदतीत ठराव केला तरच दर्जा टिकतो.

हा दर्जा नगरपालिकेच्या कचेरीचा आहे, गावाच्या हवेचा नाही. शेरब्रुकवरच्या किंवा ग्रीन अव्हेन्यूवरच्या दुकानाच्या पाटीला प्रांताचाच कायदा लागू, फ्रेंच ठळकपणे मोठं हवं. (मुंबईत देवनागरी अक्षरं लहान चालणार नाहीत हा नियम आला तेव्हा मला इथल्या मंडळींचे फोन आले, तुमच्याकडेही का? म्हटलं, आमच्याकडेही. मराठी माणसाला क्वेबेकचा हट्ट कळायला खरं तर जड जाऊ नये.) प्रांत सरकारच्या कचेऱ्या नव्याने आलेल्या माणसाशी पहिल्या 6 महिन्यांनंतर, काही अपवाद सोडले तर, फ्रेंचमध्येच बोलतील, मग तुम्ही वेस्टमाउंटमध्ये राहा की आणखी कुठे. आणि घराचं खरेदीखत! इथे ते नोटरी करते. नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा नव्हे, कायद्याचं पूर्ण शिक्षण घेतलेली व्यक्ती. 2022 च्या सप्टेंबरपासून जमीन नोंदणीत जाणारे दस्त फ्रेंचमध्येच लागतात. मागच्याच वर्षी एक जोडपं माझ्या शेजारी बसलं होतं, दोघंही इंग्रजीतच वाढलेली. नोटरी एकेक कलम फ्रेंचमध्ये वाचत होती, मध्ये थांबून इंग्रजीत समजावत होती, आणि नवरा माझ्या कानाशी लागून विचारत होता, पण हे वेस्टमाउंट आहे ना? होय, वेस्टमाउंटच. दस्त क्वेबेकचा.

मुलांची शाळा तर सगळ्यात आधी सांगायला हवी होती. क्वेबेकमध्ये सरकारी इंग्रजी शाळेत जायला पात्रतेचा दाखला लागतो, आणि तो ढोबळमानाने त्या मुलांना मिळतो ज्यांच्या आई किंवा वडिलांचं प्राथमिक शिक्षण बहुतांशी कॅनडात इंग्रजीतून झालंय. तुम्ही दोघं पुण्यात कॉन्व्हेंटला गेलात त्याचा इथे शून्य उपयोग. गावात रोझलिन, वेस्टमाउंट पार्क, वेस्टमाउंट हाय अशा सरकारी इंग्रजी शाळा आहेत, पण घर त्यांच्या भिंतीला लागून घेतलं तरी त्याने दाखला मिळत नाही. तुमच्यापुढे एक सवलत आहे: तात्पुरत्या परवान्यावर आलेल्यांच्या मुलांना इंग्रजी शाळेची तात्पुरती परवानगी मिळते, जास्तीत जास्त 3 वर्षं, आणि ती आता वाढवून मिळत नाही. दुसरी वाट अनुदान न घेणाऱ्या खाजगी शाळांची, तिथे दाखल्याची अट नाही, फी मात्र भरपूर.

इथे थांबून विचार करा. 3 वर्षांनी परत जाणार हे पक्कं असेल तर तात्पुरती परवानगी घ्या, प्रश्न मिटला. पण 'बघू, जमलं तर राहू' असं मनात असेल, आणि बहुतेकांच्या असतं, तर मुलगी 12 वर्षांची होऊन सातवीच्या तोंडावर फ्रेंच शाळेत ढकलली जाईल. त्यापेक्षा आत्ताच दोघांना फ्रेंच शाळेत घाला. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी वेगळे स्वागत वर्ग असतात. 5 वर्षांचा मुलगा नाताळपर्यंत भांडायला लागेल फ्रेंचमधून. मुलीला वर्षभर जड जाईल, ते खोटं सांगत नाही. कमला हॅरिस यांचं उदाहरण मी आयांना नेहमी देते: त्यांच्या आई श्यामला गोपालन संशोधनासाठी इथे आल्या, मुलगी 12 वर्षांची, आणि तिला आधी फ्रेंच शाळेतच घातलं होतं. वेस्टमाउंट हायमधून त्या 1981 साली पास झाल्या हे सगळ्यांना माहीत असतं, त्याआधीची फ्रेंच शाळा कुणी सांगत नाही.

आणि एक गोष्ट, जी दलालाने सांगायची नसते. 'वेस्टमाउंट' हा शब्द फ्रेंच भाषकांच्या कानाला साधा नाही. बँका, रेल्वे, कारखाने इंग्रजी भाषकांच्या हातात आणि मजूर फ्रेंच, अशा कित्येक पिढ्या गेल्या, आणि ते मालक डोंगरावर इथेच राहत. उताराखाली सेंट-हेन्रीत कामगारांच्या चाळी. 1963 च्या मे महिन्यात क्वेबेकच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एका गटाने वेस्टमाउंटच्या टपालपेट्यांत बॉम्ब ठेवले; ते निकामी करताना एक लष्करी जवान कायमचा जायबंदी झाला. आज गावात फ्रेंच मातृभाषेची कुटुंबंही पुष्कळ आहेत, ज्यू आहेत, इराणी, चिनी, आपली माणसंही आहेत, आणि बेकरीत पोरगी 'बाँजूर, हाय' म्हणून तुम्ही कुठल्या भाषेत उत्तर देता ते बघते. पण ऑफिसात कुणी विचारलं कुठे राहता, आणि तुम्ही वेस्टमाउंट म्हणालात, तर समोरच्याच्या भुवया किंचित वर जातील. त्या भुवयांचा इतिहास माहीत असलेला बरा.

आता घर घ्यावं का. परदेशी लोकांनी घरं घेण्यावर 2023 पासून कॅनडात बंदी आहे, ती 2027 च्या सुरुवातीपर्यंत आहे. कामाच्या परवान्याचे निदान 183 दिवस शिल्लक असतील तर एक घर घेता येतं. म्हणजे कायद्याने जमेल. खिशाचं बघा. वेस्टमाउंटमधली बहुतेक स्वतंत्र घरं 10 लाख डॉलरच्या बरीच वर जातात. त्यावर खरेदीदाराने एकदाच भरायचा हस्तांतरण कर, आपल्या मुद्रांक शुल्काचा भाऊ. लोक त्याला 'स्वागत कर' म्हणतात. हे नाव बियाँव्हन्यू, म्हणजे सुस्वागतम, अशा आडनावाच्या एका मंत्र्यावरून पडलं असं सांगतात. किंमत जितकी चढेल तितका त्याचा दर चढतो. 3 वर्षांत घर विकायचं ठरलं तर हा कर, दलाली आणि बाकीचा खर्च मिळून फायदा खाऊन टाकतात.

शिवाय जुन्या घराचं प्रकरण वेगळं. वेस्टमाउंटचा बराच भाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालाय, आणि घराच्या दर्शनी बाजूला हात लावायचा तर परवाना लागतो, कित्येकदा सल्लागार समितीसमोर नकाशे जातात. बारा-तेरा वर्षांपूर्वीची माझीच चूक सांगते. नागपूरच्या एका जोडप्याला मी 1910 च्या सुमाराचं घर मिळवून दिलं. हिवाळा तोंडावर, लाकडी खिडक्यांतून वारा येत होता. त्यांनी ठेकेदार बोलावून पुढच्या 5 खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवल्या. परवाना लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. नगरपालिकेचं पत्र आलं. अर्ज, नकाशे, पुन्हा नव्या लाकडी खिडक्या, काचेचे चौकोन पूर्वी होते तसेच. एकदाच करायचा खर्च त्यांनी दोनदा केला. त्या घरच्या ताईंनी मला एका शब्दाने दुखावलं नाही, पण दिवाळीच्या फराळाला त्यानंतर बोलावलं नाही ते नाहीच.

माझं सांगणं सरळ आहे: आधी भाड्याने राहा. वेस्टमाउंटच्या खालच्या भागात भाड्याच्या जागा मिळतात, बहुतेक 1 जुलैपासून, कारण अख्खा प्रांत त्या दिवशी घर बदलतो. जाहिरातीत 'साडेचार' लिहिलेलं दिसेल. तो अर्धा म्हणजे न्हाणीघर, बाकीच्या 4 खोल्या, स्वयंपाकघर धरून. अनामत रक्कम मागणं इथे बेकायदा आहे. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ मागता येतं, त्यापुढे एक डॉलर नाही. कुणी पुण्यासारखं डिपॉझिट मागितलं तर जागा कितीही छान असो, तिथून निघा. आणि शेजारचा नोत्र-दाम-द-ग्रास भागही बघा (नाव त्या जुन्या खेड्याचंच), तिथे इंग्रजी तेवढीच कानावर पडते, भाडं सोसवतं. तो मॉन्ट्रियलमध्ये येतो, म्हणजे वाचनालय आणि बर्फ काढणारी गाडी वेगळी. शाळा, दस्त, पोलीस, बस हे सगळं जसंच्या तसं.

जागा बघायला येणार असाल तर शक्यतो नोव्हेंबरात या. पानं झडलेली असतात, चढ खरा किती तो कळतो. ऑगस्टमध्ये झाडीखाली सगळंच सपाट वाटतं. मुलाला बाबागाडीत घालून शेरब्रुकपासून द बुलेव्हार्डपर्यंत एकदा चढून बघा आणि मग वरचं घर हवं का ते ठरवा. किराण्याचं विचारलंत नाही, पण विचाराल: कढीपत्ता, ज्वारीचं पीठ वेस्टमाउंटमध्ये शोधत बसू नका. पश्चिम टोकाच्या व्हाँदोम स्टेशनवर नारिंगी मेट्रो पकडायची, स्नोडनला निळी, आणि पार्क स्टेशनला उतरायचं. तो पार्क-एक्स्टेन्शन भाग, आपल्या दुकानांनी भरलेला. शनिवारी सकाळी 11 च्या आत जा, नंतर कोथिंबीर संपते.